साताऱ्यात बसून खगोलभौतिकीच्या संशोधनाला सरकारी ग्रँट कशी मिळवायची, नवीन लोकांसाठी सगळं एका ठिकाणी

दरवर्षी जुलैत कॉलेज नीट सुरू झालं की फिजिक्सच्या स्टाफरूममध्ये नवीन जॉईन झालेलं कुणीतरी विचारतंच, की सर आपल्याला टेलिस्कोप घ्यायला ग्रँट कुठून मिळते हो. कराडहून, वाईहून, सांगलीच्या मित्रांकडून पण हाच फोन येतो. मी साताऱ्यात शिकवतो, आतापर्यंत तीन प्रपोजल टाकली, दोन परत आली आणि तिसरं मंजूर झालं, त्यात जे कळलं ते आता एकदाच लिहून ठेवतो म्हणजे प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगायला नको. माझं म्हणणं थोडक्यात असं की पैसे मागायची पायरी बरीच नंतरची आहे. डेटा फुकट मिळतो, मोठ्या टेलिस्कोपचा वेळ फुकट मिळतो, पुण्यात जाऊन बसायची सोय होते, ते आधी घ्या, त्यातून एक छोटा पेपर काढा आणि मग पैसे मागा. आपल्याकडं बहुतेक जण व्हेंडरच्या कोटेशनपासून सुरुवात करतात आणि तिथंच अडकतात. माझं पहिलं प्रपोजल तसंच होतं, चौदा इंची टेलिस्कोप, कॅमेरा, डोम, सगळं व्यवस्थित मांडलेलं, आणि त्यातून शोधायचं काय ते शेवटच्या अर्ध्या पानात. परत आलं तेव्हा शेरा असा होता की प्रश्न स्पष्ट नाही आणि यातला बराचसा डेटा आधीच सगळ्यांसाठी खुला आहे. दोन दिवस वाईट वाटलं, पण शेरा बरोबर होता.

पायरी १: पैसा कुणाच्या घरचा आहे ते ओळखा

खगोलशास्त्राचं वेगळं असं एकच सरकारी खातं आपल्याकडं नाही, पैसा चार-पाच घरांतून येतो आणि प्रत्येक घराची पद्धत वेगळी. पुण्यातलं आयुका हे खगोलशास्त्राचं संशोधन केंद्र यूजीसीनं म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं १९८८ मध्ये विद्यापीठांसाठी म्हणून उभं केलं, जयंत नारळीकर सर त्याचे पहिले संचालक, म्हणजे ते शिक्षण खात्याच्या बाजूचं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, ती चालवते पुण्याची एनसीआरए ही संस्था, आणि एनसीआरए टीआयएफआरचा म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग म्हणजे अणुऊर्जा विभागाकडं. बंगळुरूची आयआयए, नैनितालची एरीज आणि रामन रिसर्च इन्स्टिट्यूट या डीएसटीच्या म्हणजे विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या. अहमदाबादची पीआरएल आणि इस्रो अंतराळ विभागाकडं. हे पाठ करायची गरज नाही पण एवढं डोक्यात ठेवा की उपग्रहावर बसवायचं एखादं उपकरण किंवा त्याचा सुटा भाग डोक्यात असेल तर तुमची गाडी इस्रोच्या फलाटावरची, आणि कॉलेजात बसून ताऱ्यांचा अभ्यास करायचा असेल तर एएनआरएफच्या.

एएनआरएफ म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. जुन्या लोकांच्या तोंडात अजून सर्ब हेच नाव आहे, म्हणजे आधी संशोधनाला पैसे देणारं सरकारी मंडळ, पण २०२३ च्या कायद्यानं सर्ब त्यात विलीन झालं आणि फेब्रुवारी २०२४ पासून नवीन कायदा लागू झाला. पाच वर्षांत ५०,००० कोटी असा आकडा तेव्हा सांगितला गेला, पण तो नीट वाचा, त्यातले सुमारे १४,००० कोटी केंद्र सरकारचे आणि बाकीचे उद्योग, देणगीदार वगैरेंकडून यायचे असं गणित आहे. ताऱ्यांच्या मूलभूत अभ्यासात कंपन्यांना पटकन रस वाटत नाही, तेव्हा आपण मनात धरायचा तो सरकारी हिस्सा.

पायरी २: वरचं प्लॅनिंग एकदा तरी वाचा

ही पायरी सगळे सोडून देतात. मोठ्या प्रकल्पांसाठी प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयानं मेगा सायन्स व्हिजन २०३५ नावाचे अहवाल करून घेतले, त्यातला एक पूर्ण खगोलशास्त्रावर आहे. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत देश कुठं जाणार आहे ते त्यात दिसतं. लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी पकडणाऱ्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये कॅबिनेटची मंजुरी मिळाली, सुमारे २,६०० कोटी, जागा हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ, म्हणजे आपल्याच राज्यात. एसकेए या आंतरराष्ट्रीय रेडिओ टेलिस्कोपमध्ये भारताच्या सहभागाला १,२५० कोटींची मंजुरी झाली. आता तुमचं तीस लाखांचं प्रपोजल आणि हे हजारो कोटी यांचा काय संबंध असं वाटेल, पण रिव्ह्यू कमिटीतले लोक याच प्रकल्पांत काम करतात, त्यांना पुढची दहा वर्षं तो डेटा हाताळणारी पोरं हवी आहेत. तुम्ही लिहिलंत की या प्रोजेक्टमधून दोन विद्यार्थी रेडिओ डेटा साफ करायला शिकतील आणि ते कसं शिकवणार हे पण लिहिलंत, तर ते वाक्य लक्षात राहतं. ओढूनताणून मात्र जोडू नका, जोडताऱ्यांच्या प्रपोजलमध्ये गुरुत्वलहरींचा परिच्छेद घुसवला की लगेच कळतं.

अमेरिकेत हे प्लॅनिंग फार शिस्तीत होतं. दर दहा वर्षांनी तिथले खगोलशास्त्रज्ञ एकत्र बसून पुढच्या दशकाची प्राधान्यं ठरवतात, शेवटचा असा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, आणि नासा दरवर्षी रोझेस नावाची एक भली मोठी जाहिरात काढते, त्यात डेटा विश्लेषणाला वेगळा पैसा, डिटेक्टर-आरसे असल्या तंत्रज्ञानाला वेगळा. आपल्याला तिथला पैसा मिळणार नाही, पण ती जाहिरात इंटरनेटवर कुणालाही वाचता येते आणि चांगला प्रश्न कसा विचारतात ते शिकायला ती मला फार उपयोगी पडली.

पायरी ३: फुकटचं आधी घ्या

सगळ्यात आधी आयुका. तिथं व्हिजिटिंग असोसिएट म्हणून एक योजना आहे, विद्यापीठात आणि कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठीच, तीन वर्षांसाठी निवड होते, वर्षातून एकदा अर्ज मागवतात. निवड झाली की तुम्ही सुट्टीत पुण्याला जाऊन तिथं राहून काम करू शकता, प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च ते बघतात, लायब्ररी, कॉम्प्युटर, आणि महत्त्वाचं म्हणजे जेवणाच्या टेबलावर शेजारी बसलेला माणूस ज्याला तुमचा प्रश्न विचारता येतो. साताऱ्याहून पुणे एसटीनं तीन तासांवर आहे, खंबाटकी घाटात गाडी अडकली तर चार. बंगळुरू-दिल्लीच्या लोकांना विमान धरावं लागतं, आपण सकाळी पोवई नाक्यावरून निघून दुपारच्या सेमिनारला पोचतो, हा फायदा आपल्या भागातले लोक घेत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. पीएचडी नसेल किंवा निवड नाही झाली तरी वर्कशॉपना जा. विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्यातले कार्यक्रम आहेत, रेडिओ ॲस्ट्रॉनॉमीची हिवाळी शाळा आहे, त्याला कॉलेजची पोरं पाठवा.

मग डेटा. नासाच्या टेस उपग्रहाचा, युरोपच्या गाया उपग्रहाचा, हबलचा, आकाशाच्या स्लोन सर्व्हेचा डेटा घरबसल्या उतरवता येतो, पैसे नाहीत, परवानगी नाही. गायाच्या जून २०२२ च्या तिसऱ्या संचात सुमारे १८० कोटी ताऱ्यांची माहिती आहे. आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ ला गेला, त्याचा जुना डेटा इस्रोच्या साइटवर नोंदणी करून मिळतो, आणि तो कसा वापरायचा यासाठी आयुकात खास मदत केंद्र आहे. आदित्य-एल१ चा सूर्याचा डेटा पण तसाच. सॉफ्टवेअर बहुतेक सगळं मोफत, ॲस्ट्रोपाय, टॉपकॅट, डीएस-नाइन, साध्या लॅपटॉपवर चालतात.

आणि टेलिस्कोपचा वेळ. जीएमआरटीला अर्ज वर्षातून दोनदा, साधारण जानेवारी आणि जुलैच्या मध्याला मुदत असते, जगातलं कुणीही अर्ज करू शकतं आणि वेळेचे पैसे घेत नाहीत. आयुकाचा दोन मीटरचा टेलिस्कोप जुन्नरजवळ गिरवलीला आहे, आयआयएचा दोन मीटरचा लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर आहे आणि तो बंगळुरूजवळच्या होसकोटेहून चालवतात, एरीजचा ३.६ मीटरचा देवस्थळला. पहिला अर्ज एकट्यानं करू नका, ज्यानं आधी तिथं वेळ घेतलाय त्याला सोबत घ्या. वेळ मिळाल्याचं पत्र हे पैशाच्या प्रपोजलला जोडायचा सगळ्यात वजनदार कागद आहे, कारण एका कमिटीनं तुमचा प्रश्न तपासून हो म्हटलंय हे दुसऱ्या कमिटीला आयतं दिसतं.

पायरी ४: प्रश्न एका वाक्यात बसवा

इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, दोन-तीन महिने गेले तरी चालतील. माझंच उदाहरण घ्या. पहिल्या प्रपोजलमध्ये मी लिहिलं होतं की बदलत्या प्रकाशाच्या ताऱ्यांचा अभ्यास करायचा आहे. हे विषयाचं नाव झालं, यात प्रश्न कुठंय. तिसऱ्यात असं लिहिलं की एकमेकांना चिकटून फिरणाऱ्या जोडताऱ्यांपैकी अमुक तीस ताऱ्यांचा फेरीचा काळ गेल्या वीस वर्षांत बदललाय का, आणि बदलला असेल तर एका ताऱ्यातून दुसऱ्यात वस्तुमान जातंय म्हणून की जवळ तिसरा तारा आहे म्हणून. आता यातून काय मोजायचं ते आपोआप निघतं. एक तारा दुसऱ्याला झाकतो त्या दर ग्रहणाची वेळ काढायची, ती अपेक्षित वेळेच्या पुढं गेली की मागं पडली ते वर्षावर्षांचं आलेखात मांडायचं, वक्र एका बाजूला वाकत गेला तर वस्तुमानाची देवाणघेवाण, लाटेसारखा वर-खाली गेला तर तिसरा तारा असण्याची शक्यता.

आणि हो, आता रिव्ह्यूअर विचारणार की टेसचा डेटा असताना तुम्हाला आणखी काही कशाला पाहिजे. उत्तर तयार असलं पाहिजे. टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ आर्कसेकंद धरतो (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे गर्दीच्या भागात शेजारच्या ताऱ्याचा उजेड त्यातच मिसळतो आणि ग्रहण खऱ्यापेक्षा उथळ दिसतं. शिवाय तो एकाच रुंद लालसर पट्ट्यात बघतो, रंग कळत नाही, म्हणजे तापमानाचा अंदाज कच्चा. म्हणून निवडक ताऱ्यांचं निळ्या, हिरव्या, लाल फिल्टरमधून जमिनीवरून निरीक्षण लागतं. एवढ्या चार ओळींनी माझ्या छोट्या टेलिस्कोपची गरज सिद्ध झाली जी आधीच्या चाळीस पानांनी झाली नव्हती. तुमचा विषय वेगळा असेल, पण या पद्धतीनं विचार करा, फुकटच्या डेटात नेमकं काय कमी पडतंय ते सापडलं की पैसे कशाला मागायचे ते सापडलं.

पायरी ५: योजना निवडा

नवीन नोकरीला लागलेल्यांसाठी एएनआरएफची प्राइम मिनिस्टर अर्ली करियर रिसर्च ग्रँट आहे, पहिल्या जाहिरातीत तीन वर्षांना ६० लाखांपर्यंत म्हटलं होतं, पण वयाची आणि रुजू होऊन किती वर्षं झाली याची अट असते, ती तारीख हातातून घालवू नका, जॉईन झाल्या वर्षीच वाचून घ्या. अनुभवी लोकांसाठी ॲडव्हान्स्ड रिसर्च ग्रँट, पण त्यात आयआयटीवाल्यांशी थेट स्पर्धा. नुसत्या थिअरीचं काम असेल तर मॅट्रिक्स बघा, सर्बच्या काळात त्यात वर्षाला दोन लाख मिळायचे, रक्कम छोटी पण कटकट पण छोटी, ज्याला कागद-पेन आणि कॉम्प्युटर पुरतो त्याला हीच बरी. अनुसूचित जाती-जमातीच्या संशोधकांसाठी इन्क्लुसिव्हिटी रिसर्च ग्रँट आहे. करियरमध्ये खंड पडलेल्या मॅडमनी डीएसटीच्या वाइज-किरणखालच्या योजना जरूर बघाव्यात. सर्बच्या काळात टेअर म्हणून एक योजना होती, कॉलेजच्या शिक्षकानं जवळच्या मोठ्या संस्थेत जाऊन अर्धवेळ संशोधन करायचं, आपल्यासारख्यांना ती अगदी मापात बसायची, त्या धर्तीचं काही निघालं तर सोडू नका. पेअर नावाची योजना हब आणि स्पोक अशी आहे, त्यात विद्यापीठं जोडली जातात, तुमचं विद्यापीठ त्यात आहे का ते विचारून ठेवा. पूर्वी कॉलेजच्या शिक्षकांना यूजीसीची मायनर रिसर्च प्रोजेक्ट असायची, सीनियर लोक अजून तीच सांगतात, त्या भरवशावर बसू नका.

इंजिनिअरिंग कॉलेजवाल्यांनी, म्हणजे सांगली, इस्लामपूर, कराडकडच्या मंडळींनी, इस्रोचा रिस्पॉन्ड हा संशोधनाला पैसे देणारा कार्यक्रम बघावा. १९७० च्या दशकापासून चालू आहे. त्यात इस्रो स्वतःच प्रश्नांची यादी काढते, रिस्पॉन्ड बास्केट म्हणतात तिला, प्रत्येक प्रश्न कुठल्या केंद्राला हवाय ते लिहिलेलं असतं. आपण आपल्या मनचा विषय घेऊन जाण्यापेक्षा यादीतला एखादा पकडला आणि त्या केंद्रातल्या शास्त्रज्ञाशी आधी बोलून घेतलं तर काम पुढं सरकतं. आपल्याकडं फाउंड्रीची आणि मशीनिंगची परंपरा आहे, आणि टेलिस्कोपमध्ये आरसा-लेन्सइतकंच काम माउंटचं, मोटर कंट्रोलचं, थंड ठेवायच्या यंत्रणेचं असतं, तिथं आपली पोरं कमी नाहीत.

तंत्रज्ञानाच्या प्रपोजलमध्ये टीआरएल हा शब्द येणारच. तंत्रज्ञान कितपत तयार झालंय ते सांगणारी, नासानं सुरू केलेली एक ते नऊची मोजपट्टी आहे, कागदावरची कल्पना म्हणजे एक, प्रयोगशाळेत तुकडा चालला म्हणजे चार, अवकाशात जाऊन काम करून दाखवलं म्हणजे नऊ. कॉलेजच्या प्रयोगशाळेनं दोनवरून चारवर नेतो असं लिहिणं प्रामाणिक आणि पटण्यासारखं आहे. तीन वर्षांत दोनवरून आठवर नेणार असं लिहिलं की वाचणारा पुढचं पान उलटत नाही. प्रत्येक पायरी चढली हे कुठल्या टेस्टनं सिद्ध करणार, आणि ती टेस्ट कुठं होणार, कॉलेजात व्हॅक्यूम चेंबर नसेल तर कुणाचा वापरणार, त्यांचं पत्र जोडा.

पायरी ६: बजेट

याच्यात लोक घाई करतात, मी सावकाश सांगतो.

दोन मोठे भाग असतात. नॉन-रिकरिंग म्हणजे एकदाच घ्यायच्या वस्तू, आणि रिकरिंग म्हणजे माणूस, प्रवास, किरकोळ खर्च, कन्झ्युमेबल्स म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तू. जेआरएफला, म्हणजे प्रोजेक्टवर नेमलेल्या ज्युनियर रिसर्च फेलोला, महिन्याला ३७,००० रुपये, हा दर १ जानेवारी २०२३ पासूनचा, म्हणजे वर्षाला ४ लाख ४४ हजार, वर एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता. एचआरए शहराच्या वर्गाप्रमाणे असतो आणि इथं एक चूक हमखास होते, सांगली वाय वर्गात आहे आणि सातारा झेड वर्गात, त्यामुळं सांगलीच्या मित्राचा तक्ता जसाच्या तसा उचलला की आकडा चुकतो. तिसऱ्या वर्षी सीनियर झाला तर ४२,००० धरायचे.

वस्तूंच्या किमतीत टॅक्स वेगळा विचारून घ्या. पूर्वी संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर पाच टक्केच जीएसटी लागायची सवलत होती, ती जुलै २०२२ मध्ये गेली, पण जुन्या प्रपोजलची कॉपी मारणारे अजून पाच टक्केच लावतात, मग मंजूर रकमेत कॅमेरा बसत नाही. कोटेशनवर टॅक्स, इन्शुरन्स, साताऱ्यापर्यंतचं भाडं, बसवून देणं, तीन वर्षांची सर्व्हिस हे सगळं लेखी घ्या. परदेशी कॅमेरा असेल तर रुपया घसरला तर काय याची थोडी जागा ठेवा.

जे लोक विसरतात ते असं: यूपीएस, कारण आपल्याकडं लाईट जाते. हार्ड डिस्क, कारण रेडिओचा एका रात्रीचा डेटा शेकडो जीबी होऊ शकतो. डिह्युमिडिफायर, हे फार महत्त्वाचं, पावसाळ्यात आपल्याकडं लेन्सवर आणि आरशावर बुरशी येते, कास-महाबळेश्वरच्या बाजूला तर विचारूच नका, एका हंगामात लाखाचं ऑप्टिक्स खराब झालेलं मी डोळ्यानं बघितलंय. पुण्याच्या फेऱ्या, गिरवलीच्या फेऱ्या, विद्यार्थ्याचा प्रवास आणि रात्रीच्या निरीक्षणाला गाडी.

वेळेचं बजेट पण असतं. साताऱ्यात जून ते सप्टेंबर आभाळ बंद, ऑक्टोबरात पण भरवसा नाही, एप्रिल-मेमध्ये धुरळा आणि वळीव. नोव्हेंबर ते मार्च हीच खरी रात्र, त्यातून पौर्णिमेच्या आसपासचे दिवस वजा करा. तीन वर्षांचं प्रोजेक्ट म्हणजे निरीक्षणाचे जेमतेम पंधरा महिने, आणि पहिला हिवाळा खरेदीतच जातो, म्हणजे हातात दहा. टाइमलाइनच्या तक्त्यात बारा महिने निरीक्षण असं दाखवलं की ज्यानं महाराष्ट्रात कधी दुर्बीण लावलीय त्याला लगेच कळतं की लिहिणाऱ्यानं लावलेली नाही. पावसाळ्यात डेटा विश्लेषण, पेपर लिहिणं आणि जीएमआरटीचं काम ठेवा, रेडिओला ढगांचा त्रास नाही.

जागा निवडताना चाळकेवाडीचं पठार बघून सगळ्यांना मोह होतो, अंधार चांगला, पण पवनचक्क्या तिथं उगीच नाहीत उभ्या केल्या, वारा एवढा की ट्रॅकिंग हलतं. आधी एक छोटी दुर्बीण नेऊन वर्षभर नोंदी ठेवा, त्या नोंदी प्रपोजलला जोडा.

पायरी ७: कॉलेजातली कागदं

जाहिरात येण्याआधी एक फाईल करा. कॉलेजचं यूजीसीच्या टू-एफ, ट्वेल्व्ह-बी मान्यतेचं पत्र, संस्थेचा पॅन, ऑडिट रिपोर्ट, तुमच्या नेमणुकीचं पत्र आणि कायम असल्याचा दाखला, पीएचडीचं सर्टिफिकेट. प्राचार्यांच्या सहीचं एन्डॉर्समेंट पत्र शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, त्याच आठवड्यात नॅकची म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची गडबड असते, नाहीतर सर मीटिंगला कोल्हापूरला असतात. आणि अकाउंटच्या भाऊसाहेबांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, प्रपोजल लिहितानाच त्यांच्यापुढं बसून सांगा की हे मंजूर झालं तर तुमचं काम काय काय वाढेल. का ते पुढं कळेल.

अर्ज पोर्टलवर भरताना पीडीएफचा साईज, पानांची मर्यादा, फॉन्ट, सगळं जसं सांगितलंय तसं. शेवटच्या दिवशी सर्व्हर रडतो, तीन दिवस आधी टाका.

परत आलं तर शेरे जपून ठेवा आणि रागावर महिना जाऊ द्या. दुसरं प्रपोजल माझं जवळजवळ बसलं होतं, सोबतचा मोठ्या संस्थेतला माणूस कागदावर होता पण त्याचं काम काय ते लिहिलं नव्हतं, तेवढ्यावर गेलं. हबलच्या वेळेसाठी २०१८ पासून अर्जदारांची नावं रिव्ह्यूअरपासून लपवतात, म्हणजे नुसतं काम बघून ठरवायचं. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी नाव आणि कॉलेज दिसतं, छोट्या गावातलं कॉलेज दिसलं की शंका येते हे नाकारत नाही, म्हणूनच वेळ मिळाल्याची पत्रं, छापलेला पेपर, वर्षभराच्या नोंदी यांचं वजन आपल्याला दुप्पट लागतं.

पायरी ८: पैसे मंजूर झाल्यावर खरं काम

मंजुरीचं पत्र आलं की पेढे वाटा, जरूर वाटा, पण त्याच दिवशी भाऊसाहेबांना घेऊन पत्रातल्या अटी ओळीनं वाचा. आता बऱ्याच योजनांत पैसे कॉलेजच्या खात्यात येऊन पडत नाहीत, झिरो बॅलन्स खातं उघडावं लागतं आणि त्यात खर्चाची मर्यादा येते, पीएफएमएस या सरकारी पैशाच्या पोर्टलवरून खर्च करायचा, आणि ३१ मार्चला जी मर्यादा उरली ती परत जाते. खरेदी बऱ्याचदा जेमवरून, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून. तिथं स्पेसिफिकेशन सैल लिहिलं तर भलतीच वस्तू स्वस्तात येते आणि घ्यावी लागते, कॅमेऱ्याचा रीड नॉइज, क्वांटम एफिशियन्सी, कूलिंग किती अंशांपर्यंत, हे आकड्यात लिहा.

वर्ष संपलं की दोन कागद, खर्चाचं स्टेटमेंट आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट म्हणजे पैसे ठरलेल्या कामालाच वापरल्याचा दाखला, सरकारच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात. हेड बदलायचं असेल, म्हणजे प्रवासातले पैसे कन्झ्युमेबल्सला वळवायचे असतील, तर आधी परवानगी, मग खर्च. व्याज जमा झालं असेल तर ते सरकारचं, आपलं नाही.

आमच्याकडं काय झालं ते सांगतो. पहिल्या वर्षाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट वेळेत गेलं नाही. ज्यांच्याकडं काम होतं त्यांची बदली झाली, नवीन माणसाला फाईल सापडली नाही, मी परीक्षेच्या कामात, मला वाटलं गेलं असेल. मग वरून हप्ता थांबला आणि वर पाठवलेला कागद पण टेबलावर पडून राहिला, सगळं मिळून आठ महिने. त्या आठ महिन्यांत माझ्या जेआरएफला एक रुपया मिळाला नाही. माण तालुक्यातला पोरगा, घरी शेती पावसावर, खोलीभाडं थकलं, तो मला एका शब्दानं बोलला नाही, संध्याकाळी क्लासला शिकवायला जायचा आणि रात्री निरीक्षणाला यायचा. मी जमेल तेवढं खिशातून दिलं पण ते पगाराच्या जागी पुरतं का. हे लिहिताना अजून लागतं, कारण चूक त्याची कुठंच नव्हती. म्हणून पोटतिडकीनं सांगतो, युटिलायझेशन सर्टिफिकेट हे भाऊसाहेबांचं काम आहे असं कधी समजू नका, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात स्वतः शेजारी बसा, सीएंच्या ऑफिसात स्वतः जा, पाठवल्याची पोच स्वतःच्या फाईलला लावा. आणि नेमणूक करतानाच पोराला किंवा पोरीला स्पष्ट सांगा की पैसे उशिरा येऊ शकतात. कॉलेजच्या व्यवस्थापनाकडून तीन महिन्यांच्या फेलोशिपची आगाऊ सोय लेखी मागून घ्या, हप्ता आला की वळती करायची, आमच्याकडं आता तसा ठराव झालाय आणि तो करून घ्यायला मला दोन मीटिंगा लागल्या एवढंच.

शेवटच्या वर्षात

प्रोजेक्ट संपायच्या सहा महिने आधीपासून क्लोजरची तयारी करा. विकत घेतलेल्या वस्तूंची नोंद ॲसेट रजिस्टरला, त्यांचे सिरियल नंबर आणि फोटो. कच्चा डेटा दोन ठिकाणी, एक हार्ड डिस्क डिपार्टमेंटच्या कपाटात आणि एक दुसऱ्या इमारतीत, आणि सोबत साध्या मराठीत लिहिलेला कागद की कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे, म्हणजे तुम्ही निवृत्त झालात तरी पुढच्याला कळेल. पेपरमध्ये ग्रँटचा नंबर छापला गेलाय ना ते प्रूफ बघताना तपासा, नसेल तर तो पेपर तुमच्या रिपोर्टमध्ये धरत नाहीत. कम्प्लिशन रिपोर्ट आणि शेवटचं ऑडिट झालेलं स्टेटमेंट गेल्याशिवाय पुढच्या अर्जात आधीच्या प्रोजेक्टचा रकाना भरताच येत नाही, आणि जुलैच्या मध्यावर जीएमआरटीची मुदत असतेच, तेव्हा मार्चमध्ये प्रोजेक्ट संपलं तर एप्रिल-मेमध्ये हे उरकून टाका, जून लागला की ॲडमिशनच्या गर्दीत परत कुणी हाताला लागत नाही.